न पिकणाऱ्या टोमॅटोची आढी

"लालच होवचो नाय, तो टोमॅटो कसलो गो?"

सासूबाईंचा हा प्रश्न बिनतोड होता. माझ्या हातात कागदाची एक पुडी होती, पुडीत चिमूटभर बी, आणि त्या बियांचं कौतुक करता करता माझा श्वास फुलला होता. कॉलेजात मला शिकवणाऱ्या बाईंकडून मी ते बी अक्षरशः मागे लागून मिळवलं होतं. बाईंकडे टोमॅटोच्या अशा चमत्कारिक वाणांचा मोठा संग्रह आहे. कुणाचं पान बटाट्यासारखं, कुणाचं झाड वीतभर उंच, कुणाच्या फुलात परागच नाहीत. काही किरणांचा मारा करून घडवलेले, काही कुणाच्या शेतात आपोआप उगवलेले. रोपाच्या पोटातली एखादी सूचना बिघडली की असा म्यूटंट तयार होतो. माझ्या पुडीतल्या वाणात पिकण्याची सूचनाच बिघडलेली होती. फळ मोठं होणार, घट्ट होणार, आणि मग ते हिरवट पिवळं होऊन तसंच बसून राहणार.

हे सगळं मी चुलीपुढे उभी राहून सासूबाईंना सांगितलं. त्यांनी भाकरी उलटली आणि म्हणाल्या, "बिघडलेला हाडून सुधारता काय कोण?"

मला तर तेच करायचं होतं.

माझं माहेर वेंगुर्ल्याचं. शेतकी कॉलेजात भाजीपाल्याच्या वाणांची पैदास हा विषय घेऊन शिकले, काही वर्षं घाटावर बियाण्यांच्या धंद्यात नोकरी केली आणि लग्न करून नांदगावाशेजारच्या वाडीत आले. नवरा गोव्यात औषधांच्या कारखान्यात, शनिवारी येतो आणि रविवारी संध्याकाळी जातो. बाकीचे दिवस घरात मी आणि सासूबाई. सासूबाई म्हणजे कामाचा वाघ. भात, काजू, आंबे सगळं त्याच बघतात, आणि भात कापल्यावर ओढ्याकाठच्या कुणग्यात, म्हणजे आमच्या त्या सखल तुकड्यात, भाजी करून कणकवलीच्या आठवडा बाजारात स्वतः नेऊन विकतात.

त्या भाजीत त्यांचा एक गावठी टोमॅटो असतो. चपटा, अंगाला घड्या पडलेला, आंबटढाण. दिसायला अगदी गबाळा, पण जिवट असा की काय सांगावं! आमच्या लाल मातीत टोमॅटोला मर लागते. सकाळी ताठ असलेलं झाड दुपारी मान टाकतं, पानं हिरवीगार असतानाच, आणि चार दिवसांत मरून जातं. त्याचा देठ कापून पाण्याच्या ग्लासात धरला की दुधासारखा धागा खाली उतरतो, तो या रोगाच्या जंतूंचा. घाटावरच्या जाती इथे लावून लोकांनी हात पोळून घेतलेत. सासूबाईंच्या गावठीला मात्र त्या मरीचं सोयरसुतक नाही. तो आपला उभाच.

दुखणं होतं ते पुढचं. हा टोमॅटो पिकला की लगेच लोण्यासारखा मऊ. सकाळी टोपलीत भरायचा आणि टेम्पोने कणकवलीला पोचेपर्यंत खालच्या थराचं सार झालेलं असायचं. शेजारी बसणारी बाई दर आठवड्याला न चुकता म्हणायची, "काय गो, आज चटणी करूनच हाडलंस?" सासूबाई हसून सोडून द्यायच्या, पण घरी येऊन टोपली धुताना त्यांचा चेहरा मी बघितलेला आहे. शेवटी त्या वर्षी त्या कंटाळल्या. कुणग्यात काजूची कलमं लावायची त्यांनी ठरवलं. कलमवाल्याशी बोलणंही झालं.

मी घायकुतीला आले. ती ओलसर, पाणी धरणारी जागा गेली तर मला दुसरी नव्हती, बाकी सगळी भरड, उंचावरची कोरडी जमीन. आणि डोक्यात तर टोमॅटोच नाचत होते. मी म्हटलं, गावठीचा जिवटपणा आणि या म्यूटंटचा हट्टीपणा, दोन्ही एका झाडात आणते. दोन्हीकडून बिघडलेली सूचना आली तर फळ पिकत नाही. पण एका बाजूने बिघडलेली आणि दुसऱ्या बाजूने गावठीची धडधाकट सूचना आली तर फळ पिकतं, सावकाश पिकतं आणि घट्ट राहतं. जगभर टिकाऊ टोमॅटोचे संकर असेच करतात. फक्त आमच्या मातीत जगणारा कुणी केला नव्हता.

सासूबाईंनी सगळं ऐकून घेतलं. "बरा. भातामागची दोन पिकां देतंय तुका. नाय जमला तर मगे मिरगाक कलमां लागतली."

पैज लागली. मी त्या रात्री झोपले नाही असं म्हणणार नाही, चांगली झोपले. पण पहाटे उठून पिशव्यांत माती भरायला बसले. म्यूटंटला आमची जमीन सोसणार नव्हती, म्हणून तो पिशव्यांत, मागच्या पडवीच्या उन्हात. गावठी कुणग्यात.

फुलं आली तशी माझी सकाळची पूजा सुरू झाली. म्यूटंटची पिवळी पडू लागलेली पण न उमललेली कळी हेरायची, चिमट्याने तिच्यातला परागांचा पिवळा शंकू अलगद उपटायचा, आतली बारीक काडी तेवढी ठेवायची. मग गावठीच्या उमललेल्या फुलातला पराग तिला लावायचा. पराग झाडायला थरथरणारं काहीतरी लागतं. नवऱ्याने गोव्याहून स्वतःसाठी हौसेने बॅटरीवर चालणारा दात घासायचा ब्रश आणला होता. तो मी उचलला. फुलाच्या मागे धरला की फुर्रर्र करून पराग खाली धरलेल्या झाकणात पडायचा! शनिवारी नवरा आला, ब्रश शोधू लागला, आणि मला फुलाजवळ उभी बघून म्हणाला, "टोमॅटोक दात इले काय गो?" त्याने पुन्हा तो ब्रश तोंडात घातला नाही. मला बरंच झालं.

संकर केलेल्या प्रत्येक कळीच्या देठाला मी तांबड्या लोकरीचा दोरा बांधत होते. बाकीची फुलं आपल्याच परागाने फळत होती, त्यांना दोरा नाही. सगळा खेळ त्या दोऱ्यावर.

फळं धरली, फुगली. गावठी पिकून संपत आला. आंब्याचे दिवस आले, तरी पिशव्यांतले टोमॅटो ढिम्म. बाहेरून जाणारा येणारा थांबून विचारायचा, "अजून कच्चेच?" मी म्हणायचे, कच्चेच राहूचे आसत. लोक माझ्याकडे दयेने बघायचे. आतलं बी तयार व्हायला हवं म्हणून मी फळं झाडावरच ठेवली होती. रोज जाऊन चेंडू दाबावा तसं दाबून बघायचे आणि मनातल्या मनात उड्या मारायचे.

मग एकदा माहेरी वेंगुर्ल्याला जावं लागलं. भावाकडे कार्य होतं, दोन दिवसांचे चार झाले. परत आले ती चप्पल न काढताच मागच्या पडवीत गेले. झाडं होती. फळ एकही नव्हतं.

"आई! माझे टोमॅटो खंय?"

सासूबाई अंगणात सुपारी कातरत होत्या. शांतपणे म्हणाल्या, "आढयेत."

मला आधी कळेचना. आढी म्हणजे आंब्याची. माळ्याखालच्या खोलीत भाताचं गवत पसरून त्यात आंबे थरांनी लावतात, वर पुन्हा गवत, उबेने आंबे पिकतात. आमच्या सासूबाईंची आढी अख्ख्या वाडीत नावाजलेली.

"आढयेत? टोमॅटो?"

"वांदर येवक लागले. आणखी एक दिवस गेलो आसतो तर कायव रवला नसता. म्हणान काढलंय. कधीधरना झाडार आसत, पिकनत नाय. म्हटला, आंब्याक पिकवतंय तर ह्येंका पिकवूक काय जाता? आपले गावठीचे शेवटचे कच्चे होते, तेव घातलंय वांगडा."

"आणि दोरे? तांबडे दोरे?"

"ते काढलंय. दोऱ्यासकट आढयेत घालतत काय कोण? कुजता."

माझं टाळकंच सटकलं. मी काय काय बोलले ते लिहिण्यासारखं नाही; एवढंच सांगते की सुपारी कातरणं थांबलं. एका हंगामाची मेहनत होती ती. दोरा नाही म्हणजे कुठलं फळ संकराचं आणि कुठलं साधं, काही कळायला मार्ग नाही. सासूबाईही काही ऐकून घेणाऱ्यातल्या नव्हेत. "वांदरांक घातलंय आसतंय तर बरा झाला आसता!" असं म्हणून त्या ताडकन उठल्या आणि आढीच्या खोलीचं दार उघडून म्हणाल्या, "घे तुझी संपत्ती."

मी तणतणत आत गेले. खोलीत आंब्याचा घमघमाट. गवत बाजूला केलं. वरच्या थरातले हापूस पिवळेधमक झालेले. त्यांच्या कडेला गावठी टोमॅटो, ते तर पिकून, फुटून, गवताला चिकटलेले. आणि त्यांना खेटून माझे टोमॅटो. हिरवट पिवळे. दगडासारखे. एक उचलून मी भिंतीवर आपटला असता तर भिंतीला खोक पडली असती.

मी तिथेच गवतात बसले आणि ओरडले, "आई! बघा! बघा हे!"

त्यांना वाटलं साप निघाला. कोयता घेऊनच आल्या.

पिकलेल्या आंब्याच्या अंगातून जो वायू निघतो, त्याने शेजारचं कुठलंही फळ पिकायला लागतं. प्रयोगशाळेत हीच परीक्षा घेतात, डब्यात घालून, तो वायू सोडून. माझ्याकडे ना डबा, ना वायू. आणि इथे सासूबाईंनी ती परीक्षा घेऊन ठेवली होती, तीही शेजारी गावठी ठेवून, म्हणजे कसलीच शंका राहू नये! हातच्या काकणाला आरसा कशाला? मी बाईंना तिथल्या तिथे फोटो पाठवला. त्यांचा लगेच फोन आला आणि त्या इतक्या हसल्या की त्यांना बोलता येईना.

सासूबाई मात्र हसत नव्हत्या. त्यांनी एक टोमॅटो उचलला, दाबला, वास घेतला, कानाशी हलवून बघितला. त्यांच्या आढीत न पिकलेलं हे पहिलं फळ. "ह्येंका झाला काय? माझ्या आढयेत दगडव पिकलो आसतो." त्यांना तो अपमानच वाटला. पण अपमान करणाऱ्याबद्दल त्यांना पहिल्यांदाच कुतूहल वाटायला लागलं होतं, हे मला दिसलं.

दोऱ्यांचं काय करायचं ते बाईंनी फोनवर सांगितलं. खरं तर मलाच आठवायला हवं होतं, पण रागात डोकं चालतं कुठे. या वाणात त्यांनी मुद्दाम दुसरीही एक खूण घालून ठेवली होती. साध्या टोमॅटोच्या रोपाचा देठ जमिनीलगत जांभळट असतो. याचा निव्वळ हिरवा. संकर झाला असेल तर रोप जांभळ्या देठाचं येणार, नसेल तर हिरव्या. दोरा गेला तरी रोप स्वतःच सांगणार, मी कोण ते. माझा जीव भांड्यात पडला.

बी काढलं, धुतलं, सुकवलं. त्याच दिवशी पेरावं असं वाटत होतं. "पी हळद नि हो गोरी," नवरा म्हणाला. पाऊसभर थांबावं लागलं. कोकणातला पाऊस किती लांबलचक असतो ते मला त्या वर्षी कळलं.

दसरा झाल्यावर ट्रेमध्ये बी टाकलं. कोंब वर आले तशी मी भिंग घेऊन बसले. पहिलं रोप हिरवं. दुसरं हिरवं. मग एक वाकून वर येणारं रोप, त्याचा देठ पुसट जांभळा. ऊन पडलं म्हणून तसं दिसतंय की काय, म्हणून मी ट्रे सावलीत नेला. जांभळाच! त्याच्या बाजूला आणखी एक. मग ओळच्या ओळ. मी सासूबाईंना हाक मारली, त्या आल्या, चष्मा लावून वाकल्या, आणि मग आम्ही दोघी सासवासुना जमिनीवर बसून हिरवी उपटत गेलो, जांभळी ठेवत गेलो. "ह्यो?" "हिरवो." "आणि ह्यो? ह्यो बघ, कसो वायंग्यासारखो!" त्या दिवशी जेवायला उशीर झाला आणि कुणालाही भूक आठवली नाही.

भात निघाल्यावर जांभळी रोपं कुणग्यात गेली. आता खरी कसोटी, कारण पिशवी संपली, जमीन सुरू झाली. मुद्दाम कडेला घाटावरच्या जातीची थोडी रोपं लावली, मर जमिनीत आहे की नाही ते कळावं म्हणून. ती आहे हे लवकरच कळलं. त्या रोपांनी एका दुपारी माना टाकल्या. मी ग्लासात देठ धरला, पांढरा धागा उतरला. मग रोज दुपारी मी संकराच्या ओळीतून फिरायचे. एक झाड गेलं. आणखी एक गेलं. कलमवाल्याचा फोन आला तेव्हा सासूबाईंनी त्याला नको म्हटलं नाही, तेही मी ऐकलं.

पण बाकीची उभी राहिली. आठवडे गेले, ती उभीच. फुलली, फळली. आणि एका सकाळी फळांच्या बुडाशी केशरी छटा दिसली. मी किंचाळले. हळूहळू, आळसावल्यासारखी ती छटा वर चढत गेली, आणि गावठीच्या वळणाच्या त्या फळांना लाल रंग आला. गावठीइतका गडद नव्हे, पण लाल. सासूबाईंनी मीठ लावून खाल्ला. "आंबटपणा वायच कमी," निकाल दिला, आणि दुसरा उचलला.

बाजाराला मीही गेले. टोपली त्यांनी नेहमीसारखीच भरली, मुद्दाम, कागद न घालता, थरावर थर. टेम्पो खड्ड्यात आपटला की मी डोळे मिटायचे. कणकवलीला उतरून सासूबाईंनी टोपली खाली ठेवली आणि सरळ तळात हात घातला. हात कोरडा बाहेर आला. त्यांनी तो शेजारणीच्या नाकासमोर धरला. "बघ गो, चटणी!" शेजारणीने एक उचलून दाबून बघितला. दुपार व्हायच्या आत टोपली रिकामी. दोन बायांनी तर बी मागितलं, आणि सासूबाईंनी "देतंय की" म्हणून कबूलही केलं. येताना टेम्पोत त्या गाणं गुणगुणत होत्या. मला इतका आनंद झाला होता की रडू येत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर त्यांनी सगळ्यात देखणी फळं निवडून फोडलेली, बी राखेत घोळवून सुपात पसरलेलं. पिढ्यान्‌पिढ्या असंच चालत आलंय. चांगलं फळ खायचं नाही, त्याचं बी धरायचं. एक गोष्ट त्यांना सांगायची मी टाळत आले होते असं नाही, पण त्या इतक्या लवकर बी धरतील हे मनात आलं नव्हतं. संकराचं बी धरून चालत नाही. पुढच्या वर्षी त्यातून सगळी खिचडी निघते. चौथा हिस्सा तर पुन्हा न पिकणारा दगड. आणि ज्या घरात बी विकत आणणं हा कमीपणा समजतात, त्या घरात मी असं पीक आणलं होतं ज्याचं बी घरात राहत नाही. हे ऐकून त्या सरळ कलमं लावणार, याबद्दल मला शंका उरली नाही.

पण बाजारातल्या बायांना बी जाणार होतं. मी त्यांच्यासमोर बसले आणि सगळं सांगितलं.

सासूबाईंचा राखेने माखलेला हात सुपात तसाच थांबला.

"म्हणजे ह्या बी फुकट?"

"खावक येतला त्येचा टोमॅटो. पण सगळो असो नाय येवचो."

"मगे असो कसो येतलो?"

"पुन्हा तसाच करूचा. एका बाजून तो न पिकणारो, एका बाजून आपलो गावठी. कळी उघडूची, पराग लावूचो."

"दर वर्षी?"

"दर वर्षी."

"म्हणजे दर वर्षी नव्यान लगीन लावूचा ह्येंचा?"

"होय आई."

त्यांनी सुपातलं बी चिमटीत घेऊन पुन्हा खाली सोडलं. ओढ्याकडून पाण्याचा आवाज येत होता आणि मी काय काय बोलून त्यांना थांबवता येईल ते मनात जुळवत होते.

मग त्यांनी हात झटकला, सूप उचललं, आणि उठताना म्हणाल्या, "दर वर्षी लगीन, तर मांडव मोडून कसा चालतला? कलमां वरच्या भरडार जातली. त्या कलमवाल्याक आताच फोन लाव, नायतर मगे माझा मन बदलात."

मी फोन लावला. घाईघाईत आधी भलत्यालाच लागला.